मोगऱ्याचे गहू

वाघोडिया रोडवर, कारखान्यांची वसाहत सुरू होण्याच्या जरा अलीकडे, पत्र्याचं एक लांबलचक गोडाऊन आहे. बाहेर पाटी नाही, आत पंखा नाही आणि मालकाच्या तोंडावर हसू नाही. पण घर चालवायला लागणारी एकूण एक वस्तू तिथे मिळते. फक्त प्रत्येक वस्तूला काही ना काही झालेलं असतं. तुपाचा डबा चेपलेला असतो, साबणाचं वेष्टण फाटलेलं असतं, बिस्किटांचा चुरा झालेला असतो, चहाच्या पुड्यावरची तारीख जवळ आलेली असते. कारखान्यांनी बाजूला काढलेला, ट्रकमध्ये दबलेला, मॉलमध्ये न खपलेला माल शेवटी इथे येऊन पडतो. बडोद्यात त्याला ‘डेमेज’ म्हणतात. मी त्याला किराणा म्हणते.

गोत्रीहून वाघोडिया रोड म्हणजे गावाचं दुसरं टोक. स्कूटरच्या पायाशी एक पिशवी, हँडलला दोन आणि मागच्या सीटवर दोरीने बांधलेलं खोकं, अशी मी महिन्यातून एकदा अख्खं बडोदे ओलांडून घरी येते. शेजारणी विचारतात, पेट्रोलचा खर्च नाही का होत? होतो. तो वजा करूनच मी बोलते. मला हिशेब शिकवू नये.

डेमेज माल घ्यायलाही अक्कल लागते. चेपलेला डबा चालतो, फुगलेला चालत नाही. फुगलेल्या डब्याकडे मी दुसऱ्यांदा बघतही नाही, फुकट दिला तरी. पाकीट फाटलेलं चालतं, पण आतली पिशवी शाबूत हवी. तारीख जवळ आली असेल तर आधी आपल्या घरातली तोंडं मोजायची आणि मगच हात घालायचा. आठ बरण्या लोणचं स्वस्त मिळालं म्हणून आणणारी बाई पैसे वाचवत नाही, ती लोणच्याला घरभाडं न घेता ठेवून घेते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भूक लागलेली असताना तिथे जायचं नाही.

तिथे मोठमोठ्या गाड्यांतूनही बायका येतात. काळा चष्मा डोक्यावर सरकवून बिस्किटांचा चुरा पिशवीत भरता भरता त्या आपणहून सांगतात, “कामवाळी माटे लई जाउं छुं.” कामवालीसाठी नेते. बडोद्यातल्या कामवाल्या एवढी बिस्किटं खात असत्या तर त्यांना भांडी घासायला वेळ मिळाला नसता. एकदा एकीने मला विचारलं, तुम्ही कोणासाठी? मी म्हटलं, माझ्यासाठी, माझ्या नवऱ्यासाठी आणि माझ्या मुलीसाठी. ती पुढच्या रांगेत निघून गेली.

हा ताठा माझ्यात पहिल्यापासून होता असं मात्र नाही. माझं बालपण प्रतापनगरला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलं. वडील वर्कशॉपमध्ये होते. पगार लहान पण ठरल्या तारखेला यायचा, आणि किराणा कोपऱ्यावरच्या दुकानातून. लग्न होऊन आले ते जुन्या संस्थानी फौजेतल्या माणसांच्या घरात. त्यांच्या पणजोबांकडे म्हणे घोडा होता. घोडा गेला, तलवार गेली, पण मान तेवढी घोड्यावर बसल्यासारखीच राहिली. माझा नवरा वाघोडियाच्या एका मोठ्या खाऊच्या कारखान्यात पॅकिंगचा सुपरवायझर होता. पट्ट्यावरून पाकिटं पुढे जायची आणि ज्यात खोट दिसेल ते हे बाजूला काढायचे. घरीसुद्धा भेंडी निवडताना त्यांचा हात तसाच चालायचा.

मग कारखाना बंद झाला. मालकांनी सगळं उचलून दुसऱ्या राज्यात नेलं. हातात जे पैसे आले त्यातून फ्लॅटचं उरलेलं कर्ज फेडलं, आणि बाकीची रक्कम आम्ही मुलीच्या शिक्षणासाठी बँकेत मुदतीची ठेव म्हणून ठेवली. मुलगी तेव्हा अकरावीत होती. तिला फिजिओथेरपिस्ट व्हायचं होतं. तिच्या आजीला पक्षाघात झाला होता तेव्हा घरी एक बाई यायची, आजीचा हात धरून रोज तोच व्यायाम करून घ्यायची. एक दिवस आजीने त्याच हाताने पेला उचलला. मुलगी शेजारी उभी होती. तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही शिरलं नाही.

ह्यांना त्याच रस्त्यावरच्या एका लहान कारखान्यात काम मिळालं, निम्म्या पगारावर. जुन्या ओळखीचं कोणी भेटलं आणि विचारलं, सध्या कुठे, तर हे म्हणायचे, “चालू आहे.” एवढंच. लग्नाला जाणं सोडलं, नवरात्रात गरबा बघायला खाली उतरणं सोडलं. आणि पहिल्याच महिनाअखेरीला, चहा पिता पिता, मला म्हणाले, “त्या ठेवीतली थोडीशी मोडू या का?”

मी म्हटलं, “ठेव थोडीशी मोडत नाही. मडकं थोडंसं फुटतं का? आज किराण्याला मोडाल, उद्या पंख्याला मोडाल, आणि मुलगी बारावी होईल तेव्हा तिच्या हातात काय द्याल, पंखा?”

“मग घर कसं चालवायचं?”

“ते माझ्यावर सोडा. मुलीची फी भरेपर्यंत त्या ठेवीला कोणी हात लावायचा नाही. तुम्हीही नाही आणि मीही नाही.”

बोलून तर गेले. दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून त्या गोडाऊनवर गेले. त्याचा पत्ता मला ह्यांच्याच तोंडून कळलेला होता. बाजूला काढलेला माल कुठे जातो, असं मी पूर्वी कधीतरी गंमत म्हणून विचारलं होतं, तेव्हा त्यांनी सांगितलं होतं. संध्याकाळी मी टेबलावर सगळं मांडलं. त्यात त्यांच्याच जुन्या कारखान्यातल्या शेवपापडीची पाकिटं होती.

त्यांनी एक पाकीट उचललं, उलटं केलं, सीलवरून बोट फिरवलं. “हे मी बाजूला काढलेलं असणार,” ते म्हणाले. “बघ, सील वाकडं आहे. आयुष्यभर जे मी रिजेक्ट केलं ते आता तू माझ्याच ताटात वाढणार?”

“सील वाकडं आहे, शेव सरळच आहे,” मी म्हटलं.

“मला नाही फावत हे.”

फावत नाही म्हणजे जमत नाही. आमच्या बडोद्याच्या मराठीत हा गुजराती शब्द इतका मुरलाय की तो मराठी नाही असं वाटतच नाही. त्यांनी ती शेव खाल्ली नाही. मी आणि मुलीने खाल्ली. चांगली कुरकुरीत होती. पुढच्या महिन्यात त्यांनी एक मूठ घेतली, त्याच्या पुढच्या महिन्यात वाटी भरून मागितली. भुकेपुढे पणजोबांचा घोडा किती वेळ उभा राहणार? पण ह्यांनी माझ्याबरोबर गोडाऊनमध्ये यायचं नाव काढलं नाही, आणि मीही आग्रह केला नाही.

तर अशा रीतीने एक वर्ष गेलं. घर चाललं. ठेव जागच्या जागी राहिली. मी स्वतःवर फार खूश होते, आणि माणूस फार खूश असला की त्याने गहू भरायला जाऊ नये.

आमच्याकडे होळीनंतर वर्षाचे गहू भरतात. गुजराती घरांची ही पद्धत आम्ही बडोद्याच्या मराठी माणसांनी कधीच आपली करून टाकली. नवे गहू एकदम घ्यायचे, निवडायचे आणि त्यांना एरंडेल चोळायचं. एरंडेलाला इकडे दिवेल म्हणतात. तळहाताला तेल घेऊन गहू असे मळायचे की दाण्यादाण्याला त्याचा हात लागला पाहिजे. मग पत्र्याच्या कोठीत भरून ठेवले की वर्षभर कीड लागत नाही. त्या दिवसांत सोसायटीतल्या सगळ्या बायकांचे हात कोपरापर्यंत चकाकत असतात.

त्या वर्षी मी वर्षाचे गहू गोडाऊनमधून घेतले. कुठल्याशा व्यापाऱ्याने परत पाठवलेल्या गोण्या होत्या. काही फाटलेल्या, काहींची शिलाई उसवलेली. दाणा मात्र टपोरा. मी गोणीत कोपरापर्यंत हात घातला, तळाशी ओल नव्हती. दाणा दाताखाली धरला, कडकन तुटला. किडा नाही, खडा नाही. बाजारभावापेक्षा इतके स्वस्त की मला वाटलं, मालकाचं डोकं फिरलंय. वर्षभर गव्हासाठी म्हणून बाजूला टाकलेले पैसे मी तिथेच मोजून दिले आणि वर उरलेल्या पैशांत तूरडाळ घेतली. टेम्पोवाल्याशी भाव ठरवला आणि स्कूटरवर त्याच्या पुढे पुढे राणीसारखी आले.

एक गोष्ट मी पाहिली नाही. पाहिली नाही असंही नाही, ती तिथे कळण्यासारखीच नव्हती. त्या गोडाऊनमध्ये साबण, मसाले, चहा, उदबत्त्या, फिनेल सगळं एकत्र पडलेलं असतं. आत शिरल्यावर नाकाने कधीच हात टेकलेले असतात. त्या वासांत एखादा वास जास्त आहे हे ब्रह्मदेवाच्या बापालाही समजलं नसतं. घरी आल्यावर लगेच मी, मुलगी आणि शेजारच्या गुजराती बेन, तिघींनी मिळून गव्हाला दिवेल चोळलं. दिवेलाचा वासही काही कमी नसतो. कोठ्या भरल्या, झाकणं घट्ट लावली. जुने गहू संपेपर्यंत त्या उघडायचं कारण नव्हतं.

जुने संपले. नवे दळून आणले. पहिली पोळी तव्यावर टाकली, उलटली, ती टम्म फुगली आणि तिच्यातून मोगऱ्याची वाफ निघाली.

मी आधी देवघराकडे पाहिलं. उदबत्ती लावलेली नव्हती. दुसरी पोळी टाकली. पुन्हा मोगरा. तोपर्यंत मुलगी अभ्यास सोडून स्वयंपाकघरात आली होती. “आई, कोण पूजा करतंय?” शेजारच्या बेन दारातून डोकावल्या आणि हात जोडून म्हणाल्या, “आ तो मंदिर जेवी सुगंध आवे छे!”

त्या गोण्या उदबत्त्यांच्या खोक्यांना टेकून किती महिने पडल्या होत्या देव जाणे. गव्हाने वास पिऊन घेतला होता, आणि वरून मी दिवेल चोळून तो आत कोंडला होता. तेल ज्या वासाला भेटतं त्याला सोडत नाही, हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. लोणच्याच्या तेलाचा चमचा कितीदा घासावा लागतो हे कुठल्या बाईला ठाऊक नाही? पण गहू घरात आले की दिवेल चोळायचं, हे हातांना इतकं पाठ होतं की मध्ये डोक्याचं काम पडलंच नाही. आधी दोन पोळ्यांपुरते दळून पाहिले असते तर? हा प्रश्न मला नंतर बऱ्याच जणांनी विचारला. प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

रात्री जेवताना हे पहिला घास तोंडात घालून थांबले. मला वाटलं आता म्हणतील, सांगितलं होतं ना. त्यांनी घास गिळला, वर पाणी घेतलं आणि हळूच म्हणाले, “वर्षाचे गहू आहेत हे. टाकून द्यायचे म्हटले तर...”

पुढचं वाक्य मी त्यांना पुरं करू दिलं नाही. ते वाक्य कुठे जाणार होतं ते मला माहीत होतं. ते थेट बँकेत जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी गोडाऊनवर जाऊन मी मालकासमोर कणकेची पिशवी उघडली. त्यांनी वास घेतला, मान हलवली. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की घेतलेला माल परत घेतला जाणार नाही. ते मी वाचलं नाही असं दाखवलं. पण माणूस अगदीच वाईट नव्हता. गोण्या जशा होत्या तशा असत्या तर निम्मे पैसे दिले असते, म्हणाले. “पण बेन, दिवेल दीधेला घउं पाछा ना लेवाय.” तेल लावलेले गहू परत कोण घेणार? बरोबरच होतं. मी तरी घेतले असते का? त्यांनी मन राखायला साबणाचं एक चेपलेलं खोकं पुढे केलं. मी ते घेतलं. राग आपल्या जागी आणि साबण आपल्या जागी.

मग सुरू झाली त्या गव्हाशी लढाई. आधी मी मेथी आणली. मेथीचे ठेपले, त्यात ओवा, मिरची, लसूण. मेथीने मोगऱ्याला दाबलं, पण रोज ठेपले खाऊन घरात सगळ्यांना मेथीचाच कंटाळा आला. मग बाजरी मिसळली. मग थालीपिठं लावली. काही गहू तीन दिवस भिजत घालून, रोज पाणी बदलून चीक काढला आणि कुरडया घातल्या. कुरडयांना वासाचा लवलेशही राहिला नाही. पण कुरडया खाऊन वर्ष काढता येत नाही.

शेवटी मी ठरवलं, गहू धुवायचे. सगळे. शेजारच्या बेननी कपाळावर हात मारला. दिवेल लावलेले गहू कोणी धुतं का? मी धुतले. कोमट पाण्यात बेसन कालवून त्यात गहू चोळायचे, म्हणजे तेल सुटतं. मग स्वच्छ पाण्यात खळबळून गच्चीवर जुन्या साड्यांवर पसरायचे. वैशाखाचं ऊन होतं, चटके बसत होते. लिफ्टमधून ओल्या गव्हाच्या बादल्या नेताना पाणी सांडलं म्हणून सोसायटीत कुरबूर झाली. मी लिफ्ट पुसून काढली आणि पुन्हा बादल्या नेल्या.

गच्चीवर सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे कबुतरं. मी खाली गहू धुवायला आले की ती वर उतरायची. मुलीचे बारावीचे पेपर संपले होते, पण ती प्रवेश परीक्षेचं वाचत होती. तिला मी उन्हात बसवणार नव्हते. रविवारी सकाळी मी बादली घेऊन वर गेले तर हे आधीच वर येऊन बसलेले. डोक्याला पंचा, हातात काठी. दिवसभर ते तिथे बसले. संध्याकाळी पाहिलं तर सुकलेल्या गव्हाचे दोन ढीग केलेले. एकेक मूठ नाकाशी नेऊन त्यांनी वासाचे आणि बिनवासाचे गहू वेगळे काढले होते.

“हे बरे आहेत,” ते म्हणाले. “हे आणखी एकदा धुवावे लागतील.”

त्यांचं नाक उन्हाने लाल झालं होतं. मला हसू आलं आणि हसता हसता त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की मी तो वासाचा ढीग लगेच बादलीत भरायला घेतला. त्यानंतर दर रविवारी आम्ही दोघं गच्चीवर असायचो. वास बराच गेला, सगळा नाही गेला. कच्च्या कणकेत काही कळायचं नाही, पण पोळी तापली की पुसटसा मोगरा उठायचाच. आम्ही ती पोळी खात होतो. हे कधीकधी म्हणायचे, “वाढ गं, एक प्रसाद वाढ.” असली थट्टा त्यांना पुन्हा सुचायला लागली होती, याचं मला पोळीपेक्षा जास्त समाधान होतं.

मग मुलीचा निकाल लागला. चांगला लागला. एका खासगी कॉलेजात फिजिओथेरपीला तिला जागा मिळण्यासारखी होती. पहिल्या वर्षाची फी, डिपॉझिट आणि हॉस्टेल, सगळं मिळून ठेवीएवढंच होत होतं. पुढच्या वर्षांसाठी बँकेचं कर्ज मिळणार होतं, त्याची चौकशी मी आधीच करून ठेवली होती. फी भरायची शेवटची तारीख जवळ आली होती. मी निश्चिंत होते.

त्या संध्याकाळी हे आणि मुलगी जेवायला बसले होते. मी पोळ्या करत होते. मुलगी ताटाकडे बघत म्हणाली, “मी फॉर्म भरलाय.”

“कुठला फॉर्म?”

“बी.कॉम.चा. इथेच, युनिव्हर्सिटीत. फी काहीच नाही. बसने जाईन.”

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. “आणि फिजिओथेरपी?”

“नाही जायचं मला. ठेव घरात वापरा. चांगले गहू आणा, आई. मला आता बघवत नाही. तुम्ही दोघं दर रविवारी उन्हात बसता. बाबांना मेथी आवडत नाही तरी ते रोज ठेपले खात होते. हे सगळं माझ्यासाठी चाललंय, ते मला घशाखाली उतरत नाही.”

मला राग आला. साधा नाही, डोक्यात तिडीक जाईल असा. तव्यावरची पोळी करपत होती, ती मी तशीच करपू दिली. “मी एक वर्ष डेमेज माल खाल्ला तो तुला इथे बसून वह्यांवर रेघा मारायला शिकवायला?” मी ओरडले. “गहू मी आणले, चूक माझी, ते खायचे की टाकायचे ते मी बघेन. तू कोण माझ्यावर दया करणारी? मी तुझ्याकडे मागितले का चांगले गहू?”

ती रडायला लागली. मीही रडायच्या बेतात होते, पण रागाने. खरं सांगायचं तर त्या क्षणी मी घाबरले होते. दुकानदाराशी मी भांडू शकते, वासाशी भांडू शकते. पण पोरगीच म्हणाली की मला नको, तर ती ठेव मी कोणासाठी धरून बसले होते?

हे इतका वेळ शांत जेवत होते. त्यांनी ताटातला घास संपवला आणि मुलीला विचारलं, “तुला जायचं आहे की नाही, एवढंच सांग. गहू सोड, आई सोड. तुला जायचंय?”

तिने पोळीचा तुकडा मोडला. मग म्हणाली, “जायचंय.”

“मग संपलं. मी आयुष्यभर माल तपासलाय. काय पुढे पाठवायचं आणि काय बाजूला काढायचं ते मला कळतं. तुझा तो बी.कॉम.चा फॉर्म बाजूला काढ.” आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “ती करपलेली पोळी मला वाढ. आणि उद्या सकाळी बँकेत जायचंय, तिघांनी. ठेव मोडायची आहे.”

ठेव मोडू या, असं हे आधीही म्हणाले होते, पण तेव्हा त्यांचा आवाज खाली पडलेला असायचा. आज तो तसा नव्हता. मी करपलेली पोळी त्यांना दिली नाही, दुसरी लाटली. मुलीने डोळे पुसले आणि आपणहून आणखी एक पोळी मागितली.

सकाळी ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. बँकेत गर्दी होती, आम्ही रांगेत उभे राहिलो. आमची पाळी आली तेव्हा खिडकीतल्या मुलीने पावती पाहिली आणि भल्यासाठीच सांगितलं की मुदत दिवाळीला संपते आहे, आता मोडली तर व्याज कमी मिळेल, “नुकसान जशे.” थोडे महिने थांबता नाही येणार का?

माझा जीव नुकसान या शब्दाला फार पटकन घाबरतो. मी तोंड उघडायच्या आत हे बोलले. हळू नाही, असे बोलले की मागच्या रांगेतल्या लोकांनी मान वर केली.

“दीकरीनी फी भरवानी छे.”

मुलीची फी भरायची आहे. खिडकीतली मुलगी हसली, “सरस,” म्हणाली आणि फॉर्म काढायला लागली. आणि हे मागे वळले. मागे एक म्हातारे गृहस्थ उभे होते, आमच्या ओळखीचे ना पाळखीचे. हे त्यांना सांगायला लागले. मुलगी फिजिओथेरपीला चालली आहे, चार वर्षांचा कोर्स, मग सहा महिने हॉस्पिटलात काम. गृहस्थांनी विचारलं, तमे शुं करो छो? तुम्ही काय करता? दीड वर्ष ज्या प्रश्नाला ह्यांनी “चालू आहे” याच्या पलीकडे उत्तर दिलं नव्हतं, त्याला ह्यांनी कारखान्याचं नाव सांगितलं, काम सांगितलं, आणि वर म्हणाले, आधीपेक्षा पगार कमी आहे, पण घर आमच्या मिसेस चालवतात, त्यामुळे काळजी नाही.

मी भर बँकेत रडले. मुलगी माझा दंड धरून पुटपुटली, “आई, सगळे बघतायत.” ठेव दोघांच्या नावावर होती, म्हणून खिडकीतल्या मुलीने फॉर्म माझ्यापुढे सरकवला. तिने बोट ठेवून दाखवलं, तरी सही कुठे करायची ती रेघ मला दिसत नव्हती.